डॉटच्या आधीची एक स्पेस

छापखान्यात मुद्रितशोधनाला लागलो तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे माझ्या लेखी माउस. मिळालेल्या जुन्या लॅपटॉपमध्ये ४ जीबी रॅम होती, त्यावर विंडोज रडत चालायचं, म्हणून मालकांनी उबुंटू (लिनक्स या मोफत प्रणालीचा एक प्रकार) टाकून दिलं होतं. दिवाळी अंकाचे साठेक लेख, प्रत्येकाची वेगळी टेक्स्ट फाइल. ‘आणि’ कुठे कुठे दीर्घ पडलंय ते बघून ठेव, असं सांगून ते जेवायला गेले. मी एकेक फाइल उघडत बसलो. अक्षरजुळणीच्या ताईंनी थोडा वेळ बघितलं, मग टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची काळी खिडकी, उघडून एक ओळ टाइप केली. फाइलचं नाव, ओळीचा क्रमांक, चुकलेली ओळ, सगळं पडद्यावर हजर. एका लेखातली ‘आणीबाणी’ही त्यात सापडली, ती सोडून द्यायची. (‘आणी’पुढे एक स्पेस टाकून, दोन्ही अवतरणात घालून शोधलं की आणीबाणी गळते.)

ती आज्ञा होती ग्रेप. इथे मी नावं उच्चाराप्रमाणे लिहितोय. टाइप करायची ती इंग्रजी लहान लिपीत.

त्या रात्री मी वहीत चाळीस आज्ञा उतरवल्या आणि पाठ करायला घेतल्या. तो वेळ वाया गेला. पहिला आठवडा तीनच पुरतात: पीडब्ल्यूडी म्हणजे मी कुठे आहे, एलएस म्हणजे इथे काय काय आहे, सीडी म्हणजे तिकडे चल. अनोळखी फाट्यावर एसटीतून उतरलं की आधी पाटी वाचतो, तसंच. नवख्यांचे निम्मे घोटाळे चुकीच्या फोल्डरमध्ये उभं राहून बरोबर आज्ञा दिल्याने होतात. ‘अशी फाइल नाही’ असा निरोप आला की आज्ञेला दोष देण्याआधी पीडब्ल्यूडी करून बघा.

नावं इतकी तुटकी का, हे कळल्यावर ती डोक्यात बसली. लिनक्स ज्या युनिक्स प्रणालीच्या धर्तीवर बनलं, तिची सुरुवात १९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये झाली. तेव्हा समोर पडदा नसायचा, टेलिटाइप असायचं: जड कळा आणि खडखडत कागदावर उमटणारं एकेक अक्षर. तिथे लांब नावं कोण टाइप करणार? कॉपीचं सीपी झालं, मूव्हचं एमव्ही. ग्रेप तर ‘ईडी’ नावाच्या जुन्या टेक्स्ट एडिटरमधल्या आज्ञेतून आलं: सगळीकडे हा नमुना शोध आणि छाप. छापखान्यात बसून हे वाचताना मला भलताच आनंद झाला.

फाइलचं नाव पूर्ण कधीच टाइप करू नका. दोन-तीन अक्षरं आणि टॅब. टॅबने नाव पुरं झालं नाही, तर त्याच अक्षरांच्या अनेक फाइली आहेत, नाहीतर स्पेलिंग, लहान-मोठं अक्षर किंवा फोल्डर चुकलंय. ‘लेख’ हे नाव इंग्रजीत लिहून पहिलं अक्षर एकदा कॅपिटल, एकदा स्मॉल ठेवलं, तर लिनक्सला त्या दोन वेगळ्या फाइली वाटतात. नाव मराठीत ठेवता येतं, पण दर वेळी कीबोर्ड बदलावा लागतो, म्हणून मी सोडून दिलं. टर्मिनलमध्ये मराठी मजकुराच्या वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटलेली दिसली तर घाबरून फाइल ‘दुरुस्त’ करायला जाऊ नका. बऱ्याच टर्मिनलना देवनागरी नीट जुळवता येत नाही, एवढंच. तीच फाइल साध्या एडिटरमध्ये उघडून बघा.

आणखी एक खोड आमच्या धंद्यातली. दर दोन मिनिटांनी कंट्रोल-एस दाबायची बोटांना सवय. टर्मिनलमध्ये ते दाबलं की पडदा गोठतो, काही टाइप केलं तरी दिसत नाही. मी दोनदा लॅपटॉप बंद करून चालू केला होता. कंट्रोल-क्यू दाबलं की सुटतं.

आता शीर्षकातली स्पेस. फोल्डरमध्ये लेखांबरोबर ‘डॉट बीएके’ने संपणाऱ्या जुन्या प्रती साठल्या होत्या, त्या काढायच्या होत्या. फाइल काढून टाकायची आज्ञा आरएम, पुढे स्टार, त्याला चिकटून डॉट बीएके. माझ्या हातून स्टार आणि डॉटच्या मध्ये स्पेस पडली. नुसता स्टार म्हणजे या फोल्डरमधली प्रत्येक फाइल. टर्मिनलने काही विचारलं नाही, फक्त एक तक्रार केली: ‘डॉट बीएके’ नावाची फाइल सापडली नाही. बाकीचं सगळं गेलं होतं, जुन्या प्रतींसकट. आरएमने काढलेलं कचरापेटीत जात नाही.

तेव्हापासून आरएमच्या जागी आधी एलएस लिहून तोच नमुना चालवतो. यादी डोळ्यांनी वाचली, पटली, की वरचा बाण दाबून तीच ओळ परत आणायची आणि एलएसचं आरएम करायचं. आरएमला ‘उणे आय’ जोडलं तर ते प्रत्येक फाइलला विचारतं. सुरुवातीला तेही करा. आणि कुठून तरी उचललेल्या ओळीत सुडो (पुढची आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने चालवणारा शब्द) दिसलं, तर ती ओळ काय करते हे कळेपर्यंत एंटर नको.

ताईंच्या पेनड्राइव्हवर दोन दिवसांपूर्वीची प्रत निघाली. मधलं काम रात्री बसून पुन्हा केलं. ‘आणी’ पुन्हा शोधावे लागले, पण या वेळी ती ओळ मी स्वतः टाइप केली.