जुळे सोलापुरातल्या फ्लॅटचं अडकलेलं डिपॉझिट

घरमालक फोन उचलेना, तेव्हा विनवण्या थांबवून कागद जुळवले आणि गाडं हललं. करार, डिपॉझिट दिल्याची बँकेतली नोंद, महावितरणचं भरलेलं शेवटचं बिल आणि चावी परत दिल्याचा पुरावा. बहुतेकांचं घोडं चावीपाशीच अडतं. ती वॉचमनकडे ठेवून निघालात, तर ‘ताबाच मिळाला नाही’ म्हणायला मालक मोकळा. तारीख आणि मीटर रीडिंग लिहून सही घ्या. तो येतच नसेल तर मीटरच्या फोटोसकट मेसेज पाठवा.

मग करारातल्या पत्त्यावर पोचपावतीसह स्पीड पोस्टनं नोटीस: रक्कम, खाते क्रमांक, १५ दिवसांची मुदत. पाकीट ‘घेण्यास नकार’ असा शेरा येऊन परत आलं तर अजिबात फोडू नका, तोच पुरावा.

करार नोंदवलेला नसला तरी घाबरू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाची, आणि उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य. नोटिशीत हे आवर्जून लिहा.

रंगकामाचे पैसे कापतो म्हणाला तर बिल मागा. तरीही दाद नाहीच, तर सोलापूरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व, म्हणजे कोर्टात दावा लावण्याआधीचा, अर्ज करा; तो लोकअदालतीपुढे ठेवता येतो. तिथल्या तडजोडीला दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याचं बळ असतं.