आशियाई चषक फुटबॉलचा इतिहास शाळेच्या भिंतीवर कसा मांडावा

राष्ट्रीय क्रीडा दिनानिमित्त २९ ऑगस्टला सांगली-मिरजेच्या शाळांमध्ये जी भित्तिपत्रके लागतात, त्यांत कुस्ती, कबड्डी, खो-खो आणि क्रिकेट यांना हक्काची जागा असते. फुटबॉल मात्र शेजारच्या कोल्हापूरचा खेळ समजून बहुधा वगळला जातो. आशियातील राष्ट्रीय संघांची अजिंक्यपद स्पर्धा, म्हणजेच आशियाई फुटबॉल महासंघाचा (एएफसी) आशियाई चषक, हा विषय खेळाच्या, इतिहासाच्या आणि भूगोलाच्या अशा तिन्ही तासांना पुरेल एवढा समृद्ध आहे, आणि आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांकडून त्याची एक लांब कालरेषा सहज करून घेता येते. विजेत्यांची यादी लिहून थांबणारे तक्ते पुष्कळ असतात. या कालरेषेत सर्वांत ठळक दिसायला हवी ती सहभागी संघांची संख्या, असे माझे ठाम मत आहे. मैदानावर कोण येऊ शकले आणि कोण येऊ शकले नाही, यावरूनच या स्पर्धेचा सत्तर वर्षांचा प्रवास समजतो.

कागदाला हात लावण्यापूर्वी विषयाची हद्द आखून घ्यावी, कारण चुका इथेच सर्वाधिक होतात. भारताने १९५१ मध्ये दिल्लीत आणि १९६२ मध्ये जकार्तात फुटबॉलचे सुवर्णपदक मिळवले ते आशियाई क्रीडा स्पर्धांमध्ये. त्या स्पर्धा वेगळ्या आणि आशियाई चषक वेगळा. महिलांचा आशियाई चषकही स्वतंत्र आहे. त्याची २०२२ ची स्पर्धा आपल्याच राज्यात, मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यातील बालेवाडी येथे झाली आणि भारतीय संघाला कोरोनाच्या प्रादुर्भावामुळे ती मध्येच सोडावी लागली. तो विषय स्वतंत्र तक्त्याच्या योग्यतेचा असल्याने एका ओळीत उरकू नये. आपली कालरेषा पुरुषांच्या राष्ट्रीय संघांपुरती ठेवावी.

आता मापे. पहिली स्पर्धा १९५६ ची आणि पुढील नियोजित स्पर्धा २०२७ ची, म्हणजे मध्ये ७१ वर्षे येतात. एका वर्षाला ४ सेंटिमीटर दिले तर रेषा २८४ सेंटिमीटर होते. बाजारात मिळणाऱ्या २२ बाय २८ इंची कार्डशीटची लांब बाजू सुमारे ७१ सेंटिमीटर असते, त्यामुळे चार कार्डशीट आडव्या जोडल्या की रेषा बरोबर बसते. जोड एकमेकांवर न चढवता कडेला कड लावून मागून कागदी पट्टी चिकटवावी, नाहीतर प्रत्येक जोडावर काही मिलिमीटर कमी होऊन शेवटची वर्षे सरकतात. शीर्षकासाठी आणि भारताच्या माहितीसाठी पाचवी कार्डशीट वेगळी घ्यावी. फ्लेक्सवर छापून आणण्याचा मोह होईल, पण मोजणे, आखणे आणि चुकल्यास खोडणे यातूनच मुले विषय शिकतात, म्हणून हे काम हातानेच करावे.

रेषेच्या वर प्रत्येक स्पर्धेसाठी एक स्तंभ काढावा आणि एका संघाला एक सेंटिमीटर उंची द्यावी. संघसंख्या क्रमाने अशी आहे: १९५६, १९६० आणि १९६४ मध्ये प्रत्येकी ४, १९६८ मध्ये ५, १९७२ व १९७६ मध्ये ६, १९८०, १९८४ व १९८८ मध्ये १०, १९९२ मध्ये ८, १९९६ व २००० मध्ये १२, २००४, २००७, २०११ व २०१५ मध्ये १६, आणि २०१९ व २०२३ मध्ये २४. स्तंभ रंगवून झाले की एकही नाव न लिहिता मुलांना पट्टीसमोर उभे करावे आणि प्रश्न विचारू द्यावेत. पहिले स्तंभ इतके बुटके का, २००४ नंतर अंतर चारऐवजी तीन वर्षांचे का, असे प्रश्न आपोआप येतात. दुसऱ्याचे उत्तर सोपे आहे: ऑलिंपिक आणि युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा ज्या वर्षी येतात ते वर्ष टाळण्यासाठी आशियाई चषक विषम वर्षावर नेण्यात आला. अखेरच्या स्तंभाबाबत मात्र सावध राहावे. ती स्पर्धा २०२३ ची म्हणून ओळखली जात असली, तरी चीनने कोरोनामुळे यजमानपद सोडल्यानंतर ती कतारमध्ये जानेवारी-फेब्रुवारी २०२४ मध्ये खेळली गेली. म्हणून स्तंभ २०२४ वर काढून त्यावर २०२३ असे नाव लिहावे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी स्तंभांखाली छोट्या नोंदी लागतात. आशियाई फुटबॉल महासंघाची स्थापना १९५४ मध्ये मनिला येथे झाली आणि दोनच वर्षांत हाँगकाँगला पहिली स्पर्धा झाली. तिथे यजमानांबरोबर दक्षिण कोरिया, इस्राएल आणि दक्षिण व्हिएतनाम एवढेच संघ होते. कोरियाने ती जिंकली आणि १९६० मध्ये सोलला घरच्या मैदानावर पुन्हा जिंकली. देशांची नावे त्या काळची लिहावीत; १९६८ च्या उपविजेत्या संघाचे नाव ब्रह्मदेश असेच राहू द्यावे, आणि दक्षिण व्हिएतनामच्या जागी नुसते व्हिएतनाम लिहून इतिहास सपाट करू नये.

पहिल्या चार स्पर्धा साखळी पद्धतीच्या होत्या, ही गोष्ट मोठ्या अक्षरांत लिहावी. गावोगावच्या कबड्डी स्पर्धांमुळे साखळी आणि बाद फेरी यांतला फरक आपल्या मुलांना समजावून सांगावा लागत नाही, पण तक्ता करताना हात सवयीने ‘अंतिम सामना’ असा रकाना आखतो आणि तिथे फसगत होते. १९६४ मध्ये भारत इस्राएलकडून अंतिम सामन्यात हरला, असे लिहिलेले आढळते. त्या वर्षी अंतिम सामनाच नव्हता. भारताने २७ मे रोजी दक्षिण कोरियाला २-० असे हरवले, २९ मे रोजी यजमान इस्राएलकडून ०-२ अशी हार पत्करली आणि २ जून रोजी हाँगकाँगवर ३-१ असा विजय मिळवला. इस्राएलने तिन्ही सामने जिंकल्याने ते विजेते आणि आपण उपविजेते ठरलो. अंतिम सामन्याची पद्धत १९७२ च्या बँकॉक स्पर्धेपासून आली, जिथे इराणने जादा वेळेत दक्षिण कोरियाचा २-१ असा पराभव केला. म्हणून १९७२ पूर्वीच्या रकान्यात ‘साखळीतील पहिले दोन’ असे लिहावे.

भारताच्या पाचव्या कार्डशीटवर १९६४ ला अर्धी जागा द्यावी, आणि ती प्रामाणिकपणे भरावी. चुनी गोस्वामी कर्णधार होते, इंदर सिंग यांनी दोन गोल करून सर्वाधिक गोलांचा मान इस्राएलच्या मोर्देखाई श्पिग्लर यांच्याबरोबर वाटून घेतला, हे अभिमानाने लिहावे. त्याच बरोबर, पश्चिम विभागातील इतर संघांनी माघार घेतल्याने भारताला पात्रता सामने खेळावे लागले नाहीत आणि मुख्य स्पर्धेत केवळ चार संघ होते, हेही लिहावे. त्यामुळे यश लहान होत नाही. कोरिया हा आधीच्या दोन्ही स्पर्धांचा विजेता होता आणि आपण त्याला हरवले होते. एक नोंद मुलांना कायमची लक्षात राहील: कोरियावरील तो विजय ज्या २७ मे रोजी झाला, त्याच दिवशी दिल्लीत पंडित नेहरूंचे निधन झाले. जवळच्या वाचनालयात त्या वर्षीच्या वृत्तपत्रांच्या बांधीव फाइली असतील, तर २८ मेचा अंक काढून पाहण्याचे काम दोन विद्यार्थ्यांना जरूर द्यावे, आणि पहिल्या पानावर न थांबता आतली पाने चाळण्यास सांगावे.

त्यानंतरचे सहभाग थोडक्यात मांडता येतात. १९८४ मध्ये सिंगापूरला भारताने इराणशी गोलशून्य बरोबरी साधली, पण इतर तीन सामने गमावले आणि एकही गोल केला नाही. २०११ ची पात्रता दिल्लीत २००८ चा एएफसी चॅलेंज चषक जिंकून मिळाली होती. अंतिम सामन्यात ताजिकिस्तानवर ४-१ असा विजय मिळाला तेव्हा सुनील छेत्रीने हॅटट्रिक केली होती. प्रत्यक्ष दोहा येथे ऑस्ट्रेलिया, बहरीन आणि दक्षिण कोरिया या तिघांकडूनही पराभव झाला. २०१९ मध्ये अबुधाबीत थायलंडवर मिळालेला ४-१ हा विजय १९६४ नंतरचा या स्पर्धेतील पहिलाच होता. त्या वेळी बाद फेरी गाठायला बहरीनविरुद्ध बरोबरी पुरली असती, पण अगदी अखेरच्या क्षणी दिलेल्या पेनल्टीवर सामना गेला. २०२३ च्या स्पर्धेत तीन सामने, तीन पराभव आणि शून्य गोल. सगळे मिळून १६ सामने, ३ विजय, १ बरोबरी आणि १२ पराभव, १२ गोल केले आणि ३३ स्वीकारले, अशी बेरीज मुलांकडूनच करून घ्यावी.

कालरेषेच्या खाली आशियाचा कोरा आराखडा नकाशा मोठा करून लावावा आणि सीमा कशा हलल्या ते दोन रंगांत दाखवावे. इस्राएलला १९७४ मध्ये महासंघातून बाहेर काढण्यात आले, त्यामुळे १९६४ चा विजेता पुढे कधीच या स्पर्धेत दिसत नाही. सोव्हिएत संघ मोडल्यावर उझबेकिस्तानसारखे नवे देश आले आणि १९९६ पासून स्तंभ उंचावू लागले. कझाकस्तान मात्र २००२ मध्ये युरोपच्या महासंघात गेला. ऑस्ट्रेलिया २००६ मध्ये आशियात सामील झाला, २०११ मध्ये जादा वेळेत जपानकडून अंतिम सामना हरला आणि २०१५ मध्ये सिडनीत दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून विजेता झाला.

विजेत्यांसाठी देशागणिक एक रंग ठरवला की कालखंड डोळ्यांना दिसतात. इराण १९६८, १९७२ आणि १९७६ असा सलग तीनदा विजेता होता आणि त्यानंतर अंतिम सामन्यापर्यंतही पोहोचलेला नाही. मग आखाती देशांचा रंग येतो: १९८० मध्ये कुवेत, १९८४, १९८८ आणि १९९६ मध्ये सौदी अरेबिया. जपानचे १९९२, २०००, २००४ आणि २०११ हे चार विजय सर्वाधिक आहेत. कतारने २०१९ आणि २०२३ अशा लागोपाठ दोन स्पर्धा जिंकल्या. यांतील पहिला विजय संयुक्त अरब अमिरातीच्या भूमीवर मिळाला, जेव्हा त्या देशासह शेजारी राष्ट्रांनी कतारची कोंडी केली होती आणि कतारच्या समर्थकांना मैदानावर येणे जवळजवळ अशक्य होते; उपांत्य सामन्यात कतारने यजमानांनाच ४-० असे हरवले, आणि अलमोएझ अलीने स्पर्धेत नऊ गोल करून इराणच्या अली दाईचा १९९६ चा आठ गोलांचा विक्रम मोडला.

प्रत्येक स्पर्धेला सारखी जागा देऊ नये. एका स्पर्धेचा सविस्तर मजकूर असावा, आणि ती माझ्या दृष्टीने २००७ चीच असावी. इंडोनेशिया, मलेशिया, थायलंड आणि व्हिएतनाम अशा चार यजमानांच्या त्या स्पर्धेत युद्धाने पोळलेल्या इराकचा संघ आला होता, ज्याला स्वतःच्या देशात सामने खेळणे शक्य नव्हते. उपांत्य सामन्यात दक्षिण कोरियाला टायब्रेकरमध्ये हरवल्यावर बगदादमध्ये आनंद साजरा करणाऱ्या गर्दीत बॉम्बस्फोट झाले आणि अनेक माणसे मृत्युमुखी पडली. चार दिवसांनी, २९ जुलै रोजी, जकार्तात सौदी अरेबियाविरुद्ध उत्तरार्धात हवार मुल्ला मोहम्मद या कुर्द खेळाडूने घेतलेल्या कॉर्नरवर कर्णधार युनिस महमूदने हेडरने गोल केला आणि इराक १-० असा विजेता ठरला. हा मजकूर एका विद्यार्थ्याने स्वतःच्या शब्दांत लिहावा. इंटरनेटवरून उतरवलेला उतारा वाचणाऱ्याला लगेच ओळखू येतो.

पक्क्या शाईने लिहिण्याआधी प्रत्येक आकडा दोन वेगळ्या ठिकाणी पडताळावा आणि एका गटाने लिहिलेले दुसऱ्या गटाने तपासावे. १९८८ आणि १९९६ चे अंतिम सामने गोलशून्य सुटून टायब्रेकरवर निकाली निघाले. तिथे ४-३ आणि ४-२ हे आकडे सामन्याचा निकाल म्हणून लिहिण्याची चूक हमखास होते. तक्ता मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर, पावसाची झड न येणाऱ्या व्हरांड्यात लावावा. २०२७ चा स्तंभ पेन्सिलीने, २४ सेंटिमीटर उंचीचा काढावा, त्याखाली यजमान सौदी अरेबिया लिहावे, आणि भारताच्या रकान्यात सिंगापूरकडून मडगावला झालेल्या १-२ पराभवामुळे पात्रता हुकल्याची नोंद करावी.