बेस मस्टँग घेऊन जीटीला हरवायचं? मग या चुका टाळा

अमेरिकेत नोकरी पक्की झाली, हातात चार पैसे आले, की आपल्याकडच्या बऱ्याच पोरांच्या डोक्यात मस्टँग शिरते. आणि हिशेब जवळपास ठरलेला असतो. २०१८ च्या सुमाराला मस्टँगचं बेस मॉडेल इकोबूस्ट आणि मोठ्या इंजिनाचं जीटी यांच्या किमतीत साधारण दहा हजार डॉलरचा फरक होता. मग स्वस्तातली घ्या, तीन-चार हजारांचं सामान टाका, उरलेले खिशात. हा हिशेब कागदावर जुळतो, कारण कागदावर एकच आकडा लिहिलेला असतो तो म्हणजे हॉर्सपॉवर.

फक्त हॉर्सपॉवर मोजणं

बाकीच्या बहुतेक चुका इथूनच निघतात. २०१८ च्या इकोबूस्टचं २.३ लिटर टर्बो इंजिन ३१० हॉर्सपॉवरचं, जीटीचं ५.० लिटर व्ही-८ इंजिन ४६० चं. मधले दीडशे विकत आणू, असं वाटतं. पण त्या दहा हजारांत नुसतं इंजिन येत नाही. मोठे ब्रेक येतात, त्या ताकदीसाठी बेतलेलं कूलिंग येतं, कारखान्यात तपासून बसवलेलं इंजिनाचं सॉफ्टवेअर येतं. हे सगळं सुटं घ्यायला गेलात की उरलेले पैसे कुठे गेले ते कळतच नाही. ट्यून (म्हणजे इंजिनाचं बदललेलं सॉफ्टवेअर) आणि मोठा इंटरकूलर (टर्बोने दाबलेली हवा थंड करणारा रेडिएटर) टाकल्यावर इकोबूस्ट चांगली पळते, यात शंका नाही. मूळचा टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप) तसाच ठेवून ती जीटीची बरोबरी करेल, ही अपेक्षा मात्र ठेवू नका.

जुन्या गाड्यांत हा फरक आणखी उघडा पडतो. २००५ ते २०१० च्या व्ही-६ मस्टँगचं ४.० लिटर इंजिन २१० हॉर्सपॉवरचं होतं, त्यामागे टी-५ गिअरबॉक्स आणि ७.५ इंची मागचा अ‍ॅक्सल. त्याच काळातल्या जीटीला सुरुवातीला ३०० हॉर्सपॉवर, टीआर-३६५० गिअरबॉक्स आणि ८.८ इंची अ‍ॅक्सल. या व्ही-६ वर सुपरचार्जर (टर्बोसारखाच हवा कोंबणारा, पण इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंप) चढवलात तर इंजिन कदाचित तग धरेल, पण गिअरबॉक्स आणि मागचा अ‍ॅक्सल आधी कुरकुरायला लागतील. शिवाय डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारी यंत्रणा) साधं असलं, तर वाढवलेली सगळी ताकद एकाच चाकातून धूर काढण्यात जाते.

‘मग व्ही-८ इंजिनच बसवू’ हा पुढचा मोह. अपघातात गेलेली जीटी स्वस्तात मिळते, हे खरं. पण इंजिनासोबत वायरिंग, ईसीयू (इंजिनाचा संगणक), चावी ओळखणारी इमोबिलायझर यंत्रणा, पेट्रोल पंप, रेडिएटर, गिअरबॉक्स, ड्राइव्हशाफ्ट, अ‍ॅक्सल आणि ब्रेक इतकं सगळं आणावं लागतं. म्हणजे जीटीच बांधायची, फक्त महागात, आणि कागदावर ती व्ही-६ च राहणार. विकताना भाव त्या कागदाचा येतो.

माझं मत सरळ आहे: वेग हवा असेल तर नवीन बेस मॉडेलच्या पैशात दोन-तीन वर्षं वापरलेली जीटी शोधा. पुढे मॉडिफाय करायची असली तरी पाया म्हणून तीच बरी.

बेस मॉडेल कधी घ्यावं?

ताकद वाढवायचीच नसेल तेव्हा. शेवरलेने कॅमारोच्या सहाव्या पिढीत व्ही-६ ला १एलई पॅकेज दिलं होतं. इंजिन तेच ३३५ हॉर्सपॉवरचं, पण ब्रेम्बो ब्रेक, लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एकच चाक फुकट फिरू न देणारं), जास्तीचं कूलिंग आणि कडक सस्पेन्शन. घरच्या मॉडिफिकेशनचा क्रम असाच असावा: आधी टायर, मग ब्रेक पॅड आणि ब्रेक फ्लुइड, मग सस्पेन्शन. टायरवरचं वेगाचं अक्षरही वाचा. ‘टी’ म्हणजे ताशी १९० किलोमीटर, ‘डब्ल्यू’ म्हणजे २७०. ‘टी’ टायरवर ट्यून केलेली गाडी दामटणं हा जिवाशी खेळ आहे.

वॉरंटीच्या कायद्याला कवच समजणं

१९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा सगळ्यांना तोंडपाठ असतो, पण अर्धाच. बाहेरचा पार्ट बसवला एवढ्यावरून कंपनी सगळी वॉरंटी रद्द करू शकत नाही, इथपर्यंत ठीक. पण त्या पार्टमुळे किंवा ट्यूनमुळेच बिघाड झाला असेल, तर त्या दुरुस्तीला ती नकार देऊ शकते. ट्यून केल्यावर पिस्टन गेला तर वाद कोणत्या बाजूला झुकेल, हे सांगायला वकील नको. डीलरकडे जाण्याआधी मूळ सॉफ्टवेअर परत टाकलं म्हणजे सुटलो, असंही नाही. सॉफ्टवेअर बदलल्याच्या खुणा ईसीयूत राहू शकतात.

कॅलिफोर्नियातल्यांनी दुप्पट सावध राहावं. तिथे इंजिनाच्या किंवा धुराच्या यंत्रणेला हात लावणाऱ्या पार्टला कार्ब या राज्याच्या प्रदूषण नियामकाचा ईओ (मान्यता) क्रमांक लागतो, आणि जुलै २०२१ पासून धुराच्या (स्मॉग) चाचणीत सॉफ्टवेअरही तपासतात. मान्यता नसलेला ट्यून सापडला की गाडी नापास. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग, ‘कॅट’) काढून टाकणं तर देशभर बेकायदा आहे.

विम्याचं थोडक्यात: बसवलेलं सामान कंपनीला कळवलं नसेल तर अपघातानंतर त्याचे पैसे मिळतील अशी आशा ठेवू नका.

कारखान्यातूनच वेगवान घेतली तरी

मोठं इंजिन स्वस्त गाडीत घालण्याची युक्ती कारखान्यांचीच. १९६४ ची पॉन्टिअ‍ॅक जीटीओ आणि १९६८ ची प्लिमथ रोडरनर तशाच जन्मल्या. आजच्या गाड्या तशा स्वस्त राहिल्या नाहीत आणि सांभाळायला तर नाहीच नाही. डॉजच्या २०१५ च्या हेलकॅटला दोन रंगांच्या चाव्या मिळत: लाल चावीवर पूर्ण ७०७ हॉर्सपॉवर, काळीवर सुमारे ५००. (काळी चावी बायकोकडे आणि लाल आपल्याकडे, असा विनोद करणाऱ्यांनी मागच्या टायरचं बिल कोण भरतं तेही पाहावं.) चार्जर हेलकॅट चोरीच्या विमा दाव्यांत अमेरिकेत अगदी वर राहिली आहे, म्हणून टोकन देण्याआधी विम्याचा भाव काढा. पंचविशीच्या आतल्यांनी तर नक्कीच.

दुसऱ्याने अर्धवट मॉडिफाय केलेली गाडी ही सगळ्यांत महाग स्वस्ताई. पावत्या, मूळ पार्ट आणि कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमधला दाब मोजणारी तपासणी), यातलं एकही नसेल तर परत फिरा.

बदल करून झालेत आणि गाडी त्रास देतेय?

नवा इनटेक (इंजिनात हवा घेणारी नळी) बसवल्यावर पी०१७१ किंवा पी०१७४ हा बिघाडाचा कोड आला, तर मिश्रण पातळ होतंय, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. हवा मोजणाऱ्या सेन्सरची नळी वेगळ्या व्यासाची आणि ट्यून जुनाच, किंवा कुठेतरी हवा गळतेय. आधी क्लॅम्प तपासा.

कॅट नीट काम करत नसल्याचा पी०४२० कोड, धूर जास्त मोकळा सोडणारा हाय-फ्लो कॅट बसवल्यावर बऱ्याचदा येतो. तो ट्यूनमधून ‘गप्प’ करणं हा उपाय नाही, स्मॉग चाचणीत ते अंगाशी येतं.

बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) वाढवल्यावर वरच्या आरपीएमला झटके बसत असतील तर स्पार्क प्लगची गॅप कमी करून पाहा. जास्त दाबात ठिणगी विझते.

पहिली धाव झकास आणि तिसरी मेलेली? इंटरकूलर तापलाय. इकोबूस्टची ही नेहमीची तक्रार आहे. ट्यून बदलत बसू नका, इंटरकूलर बदला.

जोर दिल्यावर इंजिनात टकटक ऐकू आली तर पाय लगेच काढा. ९३ ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी बनवलेला ट्यून आणि टाकीत ९१ ऑक्टेनचं पेट्रोल, हे पहिलं कारण. कॅलिफोर्नियात पंपावर सहसा जास्तीत जास्त ९१ मिळतं, आणि ट्यून मात्र टेक्सासच्या माणसाकडून मागवलेला असतो. योग्य ट्यून येईपर्यंत मूळ सॉफ्टवेअरवर चालवा.

आणि सस्पेन्शन बदलून गाडीची उंची कमी केल्यावर ठराविक वेगाला थरथर सुरू झाली, तर चाकांच्या बॅलन्सिंगवर पैसे घालवण्याआधी ड्राइव्हशाफ्टचा कोन मोजून घ्या. २०१४ पर्यंतच्या, सरळ अ‍ॅक्सलवाल्या मस्टँगमध्ये दोष बहुतेक वेळा तिथेच निघतो.