परदेशी इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनात स्टॉल घेताय? सरकारी मदत घालवणाऱ्या या चुका टाळा

म्युनिकच्या प्रदर्शनाहून परतल्यावर मी सरकारकडून खर्चाचा काही भाग परत मिळवण्याच्या क्लेमची फाइल लावायला बसलो. स्टॉलची पावती होती, बँकेतून पैसे गेल्याचा कागद होता, स्टॉलवरचे फोटो होते. परतीचा बोर्डिंग पास मात्र नव्हता. मोबाइलवरच दाखवून विमानात बसलो होतो आणि प्रवास संपल्यावर तो अ‍ॅपमधून निघून गेला. विमान कंपनीकडून दाखला मिळेपर्यंत क्लेमची मुदत उलटली आणि विमानभाड्याची मदत बुडाली. गोव्यात वेर्ण्यातल्या आमच्या युनिटमध्ये पंधरा माणसं आहेत. तेवढ्या भाड्यात दोघांचा महिन्याचा पगार निघाला असता.

म्हणून काउंटरवरून छापील पास मागून घ्या, जाताना आणि येताना, प्रत्येक टप्प्याचा. मोपाहून मुंबई, मुंबईहून पुढे, असे चार तुकडे असतील तर चारही. याला आता आणखी एक कारण आहे. युरोपात शेंगेन (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या) हद्दीवर एप्रिल २०२६ पासून पासपोर्टवर शिक्का मारण्याऐवजी संगणकात नोंद होते. फाइलसोबत पासपोर्टच्या शिक्क्यांची झेरॉक्स मागितली गेली, तर तिथला शिक्का तुमच्याकडे नसेल. बोर्डिंग पासच कामी येईल.

पण सगळ्यात महाग चूक याच्या कितीतरी आधी होते. आयोजकांच्या वेबसाइटवर थेट स्टॉल बुक करायचा, जाऊन यायचं आणि मग 'सरकारची काही योजना आहे का हो?' म्हणून विचारत फिरायचं. तेव्हा उत्तर नाही असंच येतं. मदतीचे मुख्य रस्ते दोन. एक वाणिज्य मंत्रालयाचा, मार्केट अ‍ॅक्सेस इनिशिएटिव्हचा. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २५,०६० कोटी रुपयांचं निर्यात प्रोत्साहन अभियान मंजूर केलं, आणि ही मदत आता 'मार्केट अ‍ॅक्सेस सपोर्ट' या नावाने त्याखाली येते. दुसरा एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) मंत्रालयाचा, इंटरनॅशनल कोऑपरेशन योजनेचा. दोन्हीकडे सहसा एखादी निर्यात कौन्सिल (निर्यातदारांची सरकारमान्य संस्था) किंवा उद्योग संघटना त्या प्रदर्शनासाठी मंजुरी घेते आणि तुम्ही तिच्यासोबत भारताच्या दालनात जाता. एकट्याने घेतलेला स्टॉल या चौकटीत बसत नाही. तेव्हा वर्षाच्या सुरुवातीलाच कौन्सिलला फोन करा आणि तुमचं प्रदर्शन त्यांच्या यादीत आहे का ते विचारा.

छोट्या कारखानदारांनी मागे राहू नये असं मला मनापासून वाटतं, कारण नवे नियम त्यांच्या बाजूचे आहेत. मार्केट अ‍ॅक्सेसच्या कार्यक्रमांत किमान ३५ टक्के सहभागी एमएसएमई हवेत. आदल्या वर्षाची निर्यात ७५ लाख रुपयांपर्यंत असेल तर विमानभाड्याचाही काही भाग मिळतो. मात्र एकाच खर्चाचा क्लेम दोन योजनांत लावू नका, दोन्हीकडून हात धुवून बसाल.

कागदांत अडतं ते बहुतेक नावावर. मालकी फर्मची एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) होते, 'इंडस्ट्रीज'चं 'टेक्नॉलॉजीज' होतं, आणि आयईसीवर (आयात-निर्यातीचा सरकारी क्रमांक) जुनं नाव, उद्यमवर (एमएसएमई नोंदणी) नवं, जीएसटीवर तिसरंच. आयईसी दरवर्षी एप्रिल ते जून या काळात डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालय) पोर्टलवर अपडेट करावा लागतो, काही बदललं नसलं तरी. राहिला तर तो निष्क्रिय होतो. कौन्सिलचं आरसीएमसीही (नोंदणी आणि सदस्यत्वाचं प्रमाणपत्र) संपलेलं नाही ना, ते बघा. आणि स्टॉलचे पैसे कंपनीच्याच खात्यातून भरा, मालकाच्या खाजगी कार्डावरून कधीच नको.

प्रदर्शन कोणतं, हे विचारायलाही लोक विसरतात. म्युनिकमध्ये विषम वर्षी प्रॉडक्ट्रॉनिका भरतं आणि सम वर्षी इलेक्ट्रॉनिका. पहिल्यात कारखान्याची यंत्रं, सोल्डरिंग, टेस्टिंग, जिग-फिक्स्चर यांचा माणूस येतो. दुसऱ्यात सुटे भाग आणि सिस्टिम विकत घेणारा. सेन्सर बनवणारा प्रॉडक्ट्रॉनिकात उभा राहिला तर चार दिवस लोक त्याला मशिनची किंमत विचारत बसतील. वेव्ह सोल्डरिंगचे पॅलेट (सोल्डर करताना सर्किट बोर्ड धरणारे साचे) बनवणाऱ्याने मात्र तिथेच जावं.

आता गोव्याचं कॅलेंडर. २०२६ चं इलेक्ट्रॉनिका १० ते १३ नोव्हेंबरला आहे आणि लक्ष्मीपूजन ८ तारखेला. आदल्या रात्री गावोगाव नरकासुराचे पुतळे उभे राहतात, आणि तुम्हाला त्याच सुमारास स्टॉल लावायला म्युनिकमध्ये हवं. त्या दिवसांत कुरियर, बँक, सीएचए (कस्टम्सचं काम करणारा एजंट) कोणीच जागेवर नसतं. त्याआधी सप्टेंबरच्या मध्यात चवथ (गणेशचतुर्थी), म्हणजे कारखाना आठवडाभर तसाही थंडच. शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. तो चवथीच्या आधी टाका. सँपलही दसऱ्यापर्यंत पेटीत भरून तयार ठेवा.

सँपलचं म्हणाल तर ते परत आणायचे असतील तर एटीए कार्नेट (माल तात्पुरता नेऊन परत आणण्याचा कस्टम्सचा कागद) काढा. आपल्याकडे तो फिक्की ही उद्योग संघटना देते. परदेशात ड्युटी भरावी लागत नाही, पण काढताना सिक्युरिटी ठेवावी लागते. फुकट वाटायच्या वस्तू, पत्रकं, वापरून संपणारा माल यांना कार्नेट चालत नाही, त्यांची वेगळी यादी करा. लिथियम बॅटरी बसवलेलं सँपल असेल तर विमान कंपनीला आधीच विचारा, नाहीतर पेटी विमानतळावरच राहील. आणि जिथून देश सोडता तिथे, म्युनिकला उतरल्यावर, तिथून निघताना आणि परत आल्यावर कस्टम्सचा शिक्का कार्नेटवर घ्या. शेवटच्या दिवशी सगळे दमलेले असतात, विमान पकडायची घाई असते, आणि तिथून निघतानाचा शिक्का राहून जातो. मग माल तिथेच विकला असं धरून काही महिन्यांनी ड्युटीची मागणी येते.