दुमडलेलं पोस्टकार्ड हात न लावता उभं कसं करायचं

मी शाळेत चित्रकला शिकवते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या वस्तुचित्राची तयारी सुरू होते, तेव्हा छायाप्रकाशाला हात घालण्याआधी मुलांकडून हा प्रयोग करून घेते. एकाच चित्रात दोन गोष्टी दिसण्याचा विषय निघाला की सगळे बदक-ससा दाखवतात, नाहीतर एडगर रुबिनची फुलदाणी, जिच्यात समोरासमोरचे दोन चेहरेही दिसतात. ती सुंदरच आहेत, पण कागदावरची. इथे खरी वस्तू समोर असते, ती कशी ठेवलीय हे पक्कं ठाऊक असतं, तरी ती डोळ्यांदेखत बदलते. अर्न्स्ट माख या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात याचं वर्णन केलं. विमानाचा वेग ज्यांच्या नावाने मोजतात, तेच हे माख.

एक कोरं पोस्टकार्ड घ्या. कोरी बाजू वर येईल असं लांबीत मधोमध दुमडा आणि टेबलावर छपरासारखं ठेवा. घडीचं एक टोक तुमच्याकडे, दुसरं समोर. उजेड फक्त डावीकडून यावा. खिडकी उत्तम, ट्यूबलाइट बंद करा, कारण दोन दिशांचा उजेड असला की सावली पुसट होते. लग्नपत्रिकेसारखा चकचकीत किंवा नक्षीचा कागद घेऊ नका.

आता हातभर अंतरावरून, तिरकं खाली पाहात बसा. एक डोळा झाका. डोकं अगदी स्थिर ठेवून घडीच्या मध्यावर बघा आणि मनात धरा की घडीचं जवळचं टोक खाली आहे, लांबचं वर. काहींना लगेच जमतं, काहींना वेळ लागतो. घाई करू नका. एका क्षणी छप्पर उठतं आणि तुमच्याकडे उघडलेल्या पुस्तकासारखं उभं राहतं.

ते टिकवून धरा आणि रंग बघा. माझ्या मते खरी गंमत इथेच आहे. मघाशी उजवी बाजू साध्या सावलीत होती. आता ती कोळशाने माखल्यासारखी दिसते आणि डावी आतून उजळल्यासारखी. कारण असं: उभ्या पुस्तकाचं उजवं पान डावीकडच्या खिडकीकडे तोंड करून असतं, म्हणजे ते उजळ असायला हवं. प्रत्यक्षात डोळ्यात तिथून कमीच उजेड येतो. मेंदू हिशोब जुळवतो, की हे पान मुळातच काळपट असणार. आकार कोणता मानला, त्यावरून रंग ठरला.

मग डोकं हळूच डावी-उजवीकडे हलवा. कार्ड तुमच्यासोबत वळू लागेल. घडी खरं तर तुमच्या जवळ आहे, पण मेंदूने ती लांब मानलीय. तरी ती जवळच्या वस्तूसारखी सरकते, तेव्हा कार्डच फिरतंय असं मानल्याशिवाय मेंदूपुढे मार्ग उरत नाही.

जमत नसेल तर बहुधा दुसरा डोळा किलकिला राहिलेला असतो. दोन डोळ्यांना थोडी वेगळी चित्रं मिळतात, त्यावरून काय जवळ आणि काय लांब हे लगेच कळतं आणि खेळ संपतो. किंवा तुम्ही फार जवळ बसलेले असता.

पोस्टकार्ड हाताशी नसेल तर वहीत बारा रेघांचा पारदर्शक घन काढा. स्फटिकांची चित्रं पाहताना त्यांची पुढची-मागची बाजू अदलाबदल होते, हे लुई नेकर या स्विस शास्त्रज्ञांनी 1832 मध्ये मांडलं. घन त्यांच्याच नावाने ओळखतात. तो आपोआप पलटतो, पण छायाप्रकाशाबद्दल काही शिकवत नाही.

मोबाइलवर मात्र एक गोष्ट जरूर करा. हिवाळ्यातल्या सकाळचं सह्याद्रीचं उपग्रहचित्र उघडा. उत्तर वर असते आणि ऊन दक्षिणेच्या बाजूने, म्हणजे चित्रात खालून येतं. मेंदू उजेड वरूनच येतो असं धरून चालतो, त्यामुळे दऱ्या डोंगररांगांसारख्या दिसू शकतात. चित्र उलटं फिरवा, दऱ्या परत खोल जातील.

पुन्हा पोस्टकार्डाकडे या, आता पेन्सिल घेऊन. काळ्या कागदाला लहान छिद्र पाडा आणि त्यातून सावलीतल्या बाजूचा फक्त एक ठिपका बघा, कडा किंवा घडी दिसू देऊ नका. कार्ड आडवं दिसत असो वा उभं, तो ठिपका एकाच छटेचा भरतो. तीच छटा कागदावर लावा.