ड्वार्फ फोर्ट्रेस खेळताय? या चुका टाळा, आणि नदीला तर हातच लावू नका

ओळखीतल्या चार-पाच पोरांना ह्या गेमचा नाद लागलाय आणि सगळ्यांचा फोन येतो तो रात्री साडेअकरालाच, "दादा, सगळे मेले." कसे मेले विचारलं की तीच ठरलेली कारणं. सांगून सांगून तोंड दुखलं, आता हेच पाठवून देणार.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स ह्या दोन भावांनी २००२ ला काम सुरू केलं, पहिली आवृत्ती २००६ ला फुकट आली, सगळा खेळ अक्षरं नि चिन्हांचा. चित्रंबित्रं असलेली, स्टीम ह्या ऑनलाइन गेमच्या दुकानातली आवृत्ती डिसेंबर २०२२ ची, फुकटवाली अजून मिळते. सात बुटके, एक गाडी, एक डोंगर, तिथं त्यांची वस्ती उभी करायची, तोच फोर्ट. तुम्ही कुणालाच हाताने चालवत नाही, फक्त इथं खोदा, तिथं बांधा एवढं सांगायचं, कोण करणार नि कधी करणार ते त्यांचं ते बघतात. घराचं बांधकाम काढलेल्या माणसाला हे लगेच कळेल, गवंडी येईल तेव्हा येईल.

आता चुका.

दारू संपू देणं. ह्या बुटक्यांना पाण्यावर ठेवलं तर मरत नाहीत, पण कामाला मंद होतात आणि तोंड पाडून बसतात. फोर्टात ड्राय डे नको, विषय संपला.

प्लंप हेल्मेट शिजवणं. ही जमिनीखाली उगवणारी अळिंबी. नुसती खाल्ली किंवा तिची दारू काढली तर बी परत मिळतं, शिजवली की बी गेलं. किचनच्या यादीत जाऊन शिजवायचं बंद करा, पहिल्याच दिवशी.

ओल्या दगडात घुसणं. "डॅम्प स्टोन" म्हणून मेसेज येतो, म्हणजे जवळच पाणी असू शकतं, खोदकाम आपोआप थांबतं, आणि ही शहाणी पोरं तिथंच परत मार्क करतात! अरे गेम स्वतःहून सांगतोय ना? आमच्या सांगलीजवळच्या हरिपुरात हळद साठवायची पेवं, म्हणजे जमिनीतली कोठारं, काढणाऱ्यांनी आधी जमीन बघितली मग खोदलं, इथं मात्र माउस हातात आला की सुटले.

आता विहीर. ह्यावर मी जरा जास्त बोलणार कारण ही माझी जखम आहे.

माझा तिसरा फोर्ट, दुसरं वर्ष. गॉब्लिन, म्हणजे गेममधले हल्लेखोर, येऊन गेले, दोघं जखमी होऊन दवाखान्यात पडले. जखमींना दारू चालत नाही, बादलीतनं पाणीच आणून पाजावं लागतं, म्हणून मी घाईघाईत नदीपासून कालवा काढला. नदी वर जमिनीवर, टाकी पाच मजले खाली, विहिरीचं तोंड तीन मजले खाली जेवणाच्या हॉलला लागून. मध्ये फ्लडगेट, म्हणजे पाणी अडवायचं दार, लावलं, लिव्हर टाकीशेजारच्याच खोलीत बसवला, कुणाला लांब चालायला नको म्हणून, काय हुशारी. दोन मेकॅनिझम, म्हणजे जोडणीचे सुटे भाग, घालून लिव्हर गेटला जोडला, ओढायला सांगितला, पाणी आलं, टाकी भरली, मी भडंगाची वाटी घेऊन खूश.

मग विहिरीतनं पाणी वर यायला लागलं. कारण ह्या गेममध्ये पाण्याला दाब असतो, टाकी भरली म्हणून ते थांबत नाही, नदीच्या पातळीपर्यंत चढायला बघतं. सांगलीच्या माणसाला हे कुणी सांगायला पाहिजे होतं का? पुरात नाल्यातनं उलटं पाणी कसं गल्लीत शिरतं ते आम्ही लहानपणापासून बघतोय. लिव्हर ओढा म्हणून हुकूम सोडला, तर एक झोपलेला, एक पीत बसलेला, तिसरा निघाला तो जिन्यापाशी पोचला तेव्हा लिव्हरच्या खोलीत पाणी सात. गेममध्ये पाणी एक ते सात मोजतात, सात म्हणजे छतापर्यंत. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका असं तरी असतं, आवरायला वेळ मिळतो, इथं पाचाचा सात कधी झाला कळलं नाही.

त्यानंतरची माझी सवय अशी. पहिलं वर्ष विहीरच नाही. फ्लडगेट नि लिव्हर आधी, कोरडं असतानाच एकदा ओढून बघायचं, नदीकडची शेवटची चौकट सगळ्यात शेवटी. लिव्हर वरच्या मजल्यावर, जिथं सगळे जेवतात तिथंच. कालव्यात एका ठिकाणी वाट तिरकी काढायची, कोपऱ्याला कोपरा लावून, तिथं दाब तुटतो. आणि लिव्हर ओढल्यावर गेट लगेच हलत नाही, जरा वेळ लागतो, तेव्हा घाबरून दुसऱ्यांदा ओढू नका, परत उघडेल. पंप लावून पण करतात म्हणे लोक, करा बापडे.

शेवटची चूक आणि माझ्या मते सगळ्यात वाईट, फोर्ट बुडाला की लगेच डिलीट. नाहीतर जुना सेव्ह लोड करणं. माझा भाचा तर सेव्हची कॉपी काढून ठेवतो, वर मला म्हणतो, मामा तू वेळ घालवतोस. अरे मग हा खेळतोसच कशाला, त्यापेक्षा क्रिकेटचा गेम घे. "हरण्यातच मजा" हे इथलं जुनं ब्रीद आहे, उगाच नाही. पडलेला फोर्ट त्या जगात तसाच राहतो, पुढं नवे सात बुटके घेऊन त्याच पडक्यात परत जाता येतं.

मी तो बुडालेला फोर्ट सोडला नाही. भिंत घालून कालवा बुजवला, पाणी हळूहळू सुकलं. बुडालेल्या दोघांची मढी मिळाली नाहीत, मग त्यांची भुतं हिंडायला लागली, त्यांच्या नावाच्या शिळा कोरून बसवल्यावर शांत झाली. एक बुटका हॉलच्या भिंतीवर नक्षी कोरत होता, हे लोक आपल्याच फोर्टात घडलेलं पण कोरतात. सहज क्लिक करून बघितलं तर एक बुटका पाण्यात बुडतोय, खाली त्याचं नाव. मी काहीच सांगितलं नव्हतं त्याला.

आमच्या घरी जिन्याजवळ २०१९ च्या पाण्याची रेघ आहे. रंग काढला तेव्हा आईनं तेवढी पट्टी सोडायला लावली.