कोलंबसला येताय? आधी पाणी कुठून वाहतं ते बघा

पहिली गोष्ट म्हणजे तिकीट ओहायोच्या कोलंबसचं काढू नका. हसू नका, माझ्या मामेभावानं काढलं होतं. रात्री साडेअकराला फोन, "दादा मी बाहेर उभाय, तू दिसत नाहीयेस". दिसणार कसा, मी तिथून साडेतीन तासांवर होतो. आपलं कोलंबस अमेरिकेतल्याच पण इंडियाना राज्यातलं, विमानतळ इंडियानापोलिसचा, तिथून आय-६५ नं दक्षिणेला पाऊण-एक तास.

आता गाव. पन्नास हजारांच्या आसपास वस्ती. फ्लॅटरॉक आणि ड्रिफ्टवुड या दोन नद्या डाउनटाउनला लागूनच एकमेकींना मिळतात आणि पुढे व्हाइट नदीचा पूर्वेकडचा फाटा म्हणून वाहतात, म्हणजे आपल्याकडे मुळा-मुठेचा संगम तसंच, फक्त घाट नाही आणि देऊळ नाही. संगमाजवळ मिल रेस पार्क आहे. मिल रेस म्हणजे पाणचक्कीला पाणी नेणारा पाट. आज तिथे लोक पोरं घेऊन फिरायला येतात, पण एकेकाळी तिथे कातडी कमावायचा कारखाना आणि त्याच्या भोवती गरिबांची वस्ती होती, आणि त्या भागाला चक्क डेथ व्हॅली म्हणायचे. नदी चढली की पार्कात पाणी येतं, त्याचं इथं कोणाला काही वाटत नाही.

खरी भानगड नदीची नाहीये, हॉ क्रीकची आहे. गावाच्या पूर्व भागातून वाहणारा हा ओढा, उन्हाळ्यात बघाल तर पँट न दुमडता पलीकडे जाल. मी नवीन असताना त्याच्या जवळच तळमजल्याचं अपार्टमेंट घेतलं, भाडं कमी होतं आणि दाखवणारी बाई म्हणाली इथे पाणी येत नाही. ७ जून २००८, शनिवार. रात्रभर पाऊस, दुपारी बायको म्हणाली दाराखालून काहीतरी येतंय, मी टॉवेल लावला, टॉवेल तरंगायला लागला. तासाभरात गुडघाभर पाणी, आम्ही पासपोर्ट, लॅपटॉप आणि का कोण जाणे पण कुकर घेऊन वरच्यांकडे गेलो. त्याच दिवशी गावातल्या हॉस्पिटलच्या तळघरात पाणी शिरलं, सगळे पेशंट हलवावे लागले आणि ते कित्येक महिने बंद राहिलं. २०१९ च्या सप्टेंबरमधे पुण्यात आंबिल ओढ्यानं काय केलं ते ज्यांनी बघितलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

म्हणून घर बघताना फेमाच्या (अमेरिकन सरकारचं आपत्ती खातं) पूरनकाशावर पत्ता टाकून बघा, फुकट आहे. आणि साध्या रेंटर्स इन्शुरन्समधे, म्हणजे भाडेकरूच्या सामानाच्या विम्यात, पूर येत नाही हे मला सोफा, गादी सगळं गेल्यावर कळलं. पुराची पॉलिसी वेगळी घ्यावी लागते, ती बहुतेक वेळा ३० दिवसांनी लागू होते, म्हणजे ढग बघून घेऊन उपयोग नाही.

रस्ते सोपे आहेत, नंबरवाले रस्ते नदीकडून सुरू होतात आणि उत्तरेला जाल तसा आकडा वाढतो. हिवाळ्यात सूर्य आठच्या सुमाराला उगवतो, पोरांना अंधारात बसला सोडायची तयारी ठेवा.

आपण सगळे इथे का येतो तर कमिन्स या डिझेल इंजिनांच्या कंपनीतल्या नोकरीमुळे, पण कारखानदारी त्याच्या आधीपासूनची आहे. १८४४ मधे मॅडिसनहून रेल्वे इथपर्यंत पोचली, आणि पाणी, मका, रेल्वे एकत्र आल्यावर गिरण्या येणारच. इथेच सीरियलाइन नावाचे मक्याचे पोहे बनायचे (पोहेच म्हणतो मी, दुसरा शब्द नाही), केलॉगच्या आधीची गोष्ट ही. त्या गिरणीची विटांची इमारत आज कमिन्सच्या मुख्य ऑफिसच्या आवारात सांभाळून ठेवलीय, पहिल्या दिवशी बॅज घ्यायला जाल तेव्हा बघा. आणखी एक वल्ली म्हणजे मिल्टन रीव्ह्ज, यानं १९११ मधे आठ चाकांची मोटार काढली. कोणी घेतली नाही, पुढच्या वर्षी सहा चाकांची काढली.

क्लेसी कमिन्स हा बँकर डब्ल्यू. जी. अर्विनचा ड्रायव्हर आणि मेकॅनिक. मालकाच्या पैशावर १९१९ ला कंपनी काढली आणि पहिला नफा झाला १९३७ ला! मधली अठरा वर्षं अर्विन पैसे घालत राहिला. क्लेसीनं जुन्या पॅकार्ड गाडीत डिझेल इंजिन बसवलं आणि १९३० च्या जानेवारीत इंडियानापोलिसहून न्यूयॉर्कला नेली, इंधनाचा खर्च १ डॉलर ३८ सेंट. १९३१ ला इंडी ५०० या मोटारींच्या शर्यतीत त्याची डिझेल गाडी एकदाही न थांबता सगळी रेस पळाली, नंबर तेरावा आला पण पेट्रोल पंपाचं तोंड बघितलं नाही. नंतर १९६२ मधे कोथरूडचा कारखाना, आमच्या वडिलांच्या तोंडी तो शेवटपर्यंत किर्लोस्कर कमिन्सच राहिला.

नावाजलेल्या इमारती खूप आहेत, कारण कंपनीचं फाउंडेशन शाळा-बिळांच्या आर्किटेक्टची फी भरायचं, १९५७ पासून. तुम्ही फक्त आर्किटेक्ट आय. एम. पेईनं आखलेली लायब्ररी लक्षात ठेवा, पहिल्याच आठवड्यात कार्ड काढा. समोर शिल्पकार हेन्री मूरची मोठी ब्राँझची कमान आहे, कुणाला भेटायचं तर "कमानीखाली ये" म्हणायचं.

मामेभाऊ शेवटी इथेच टिकला. मी त्याला हट्टानं वरच्या मजल्यावर घर घ्यायला लावलं, लिफ्ट नाहीये, तांदळाची वीस पौंडी पिशवी चढवताना दर महिन्याला मला शिव्या घालतो.